गेम खेळून पेशी समजते का? कधी समजते आणि कधी फक्त पॉइंट मिळतात

आठवीच्या बालभारतीच्या विज्ञानात ‘पेशी व पेशीअंगके’ हा धडा आहे. शाळा सोडून वीस वर्षं झालेल्या माणसालाही त्यातलं एक वाक्य हमखास आठवतं: तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र. ही ऊर्जा पेशीत नेमकं कोण वापरतं, ती संपली तर आधी काय बंद पडतं, असा पुढचा प्रश्न विचारला की मात्र गाडी अडते.

याचं एक कारण आकृतीत आहे. पेशीची आकृती म्हणजे एक गोल, मध्ये केंद्रक, आजूबाजूला चार-दोन अंगकं आणि प्रत्येकाला बाण काढून दिलेलं नाव. परीक्षेत नावं लिहिली की गुण मिळतात. पण पेशी हे चालू असलेलं काम आहे आणि आकृतीत ते काम थांबलेलं असतं. क्रिकेटच्या मैदानाचा नकाशा दाखवून ‘ही स्लिप, ही गली, हा मिडऑन’ एवढंच शिकवलं, तर मॅच कशी चालते हे कुणाला कळणार?

मग यावर उपाय म्हणून डिजिटल गेम पुढे येतात. अॅप स्टोअरवर ‘हसत-खेळत विज्ञान’ म्हणणारी अॅप्स भरपूर आहेत. पालकांना वाटतं, मूल मोबाइलवर आहेच, तर निदान काही शिकेल. शिक्षकांना वाटतं, वर्ग तरी जागा राहील. दोघांच्याही हिशेबात एक गोष्ट सुटते. गेममध्ये मूल रमलं म्हणजे ते शिकलंच असं नाही, आणि हे बऱ्यापैकी तपासून पाहिलं गेलं आहे.

सांगाड्यांचा गेम आणि एक साधा प्रयोग

थोडं गणिताकडे जाऊ, कारण मुद्दा तिथे सर्वांत स्वच्छ दिसतो. ब्रिटनमधल्या हॅबगुड आणि एन्सवर्थ या संशोधकांनी 2011 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या ‘झोंबी डिव्हिजन’ या गेममध्ये छातीवर आकडा असलेले सांगाडे अंगावर येतात आणि त्या आकड्याला भाग जाणारी संख्या निवडूनच त्यांना हरवता येतं. याच गेमची त्यांनी दुसरी आवृत्ती केली. तीत सांगाड्यांशी लढाई नुसती लढाई होती आणि गणिताचे प्रश्न दोन लेव्हलच्या मधे विचारले जात. चित्रं तीच, गणित तेच, वेळही तेवढाच.

पहिल्या आवृत्तीतली मुलं जास्त शिकली. पुढे दोन्हीपैकी हवी ती आवृत्ती खेळायची मोकळीक दिली, तेव्हा मुलांनी पहिल्या आवृत्तीत सुमारे सातपट वेळ घालवला.

आता पेशीकडे परत या. बाजारातले बरेचसे ‘पेशी गेम’ दुसऱ्या प्रकारचे असतात. गाडी पळवा, नाणी गोळा करा, मधेच प्रश्न येतो: ‘आत्मघाती पिशव्या कशाला म्हणतात?’ लयकारिकेवर बोट ठेवा, दहा पॉइंट. इथे गाडीचा आणि लयकारिकेचा काही संबंध नाही. ती प्रश्नपत्रिकाच आहे, फक्त तिला चाकं लावली आहेत. उजळणीसाठी ती वाईट नाही, पण धडा समजावून देण्याचं काम ती करत नाही.

जिथे पेशीचा नियम हाच गेमचा नियम

2010 साली ‘सेलक्राफ्ट’ नावाचा एक मोफत गेम इंटरनेटवर आला. यात एक पेशी तुमच्या ताब्यात असते. ग्लुकोज मिळवायचं, तंतुकणिकांकडून त्याचं एटीपी करून घ्यायचं आणि ते खर्चायचं. हलायला एटीपी लागतं, नवी अंगकं बनवायलाही लागतं. एटीपी संपत आलं की पेशी आजारी पडते. मग मुलाला ‘ऊर्जाकेंद्र’ या शब्दाचा अर्थ पाठ करावा लागत नाही, कारण ते नसल्याचा फटका त्याने स्वतः खाल्लेला असतो.

त्यातली आणखी एक गोष्ट मला जास्त आवडते. लयकारिका हवी म्हणून बटण दाबलं की ती लगेच हजर होत नाही. केंद्रकातून आरएनएचा संदेश निघतो, रायबोसोमपाशी जातो, तिथून आंतर्द्रव्यजालिका, मग गॉल्गी संकुल आणि शेवटी लयकारिका तयार. बाहेरून विषाणू चालून येत असतात आणि खेळणारा ‘लवकर, लवकर’ म्हणत या प्रवासाकडे बघत असतो. पुस्तकात चार वेगळ्या परिच्छेदांत विखुरलेली चार अंगकं इथे एका रांगेत उभी राहतात.

गेम निर्दोष नव्हता. त्याच्या कथेत प्लॅटिपस नावाचे प्राणी शास्त्रज्ञ असतात आणि आपली जीवसृष्टी वाचवण्यासाठी पेशी घडवतात. जीवन कुणीतरी बसून ‘डिझाइन’ केलं असा अर्थ मुलं काढतील, असा आक्षेप काही जीवशास्त्रज्ञांनी घेतला. शिवाय हा गेम फ्लॅशवर चालायचा. अॅडोबने 2020 च्या अखेरीस फ्लॅश बंद केलं आणि शाळांसाठी बनवलेले असे कितीतरी गेम एका फटक्यात ब्राउझरमधून गेले. रफलसारख्या एम्युलेटरवर त्यातले काही अजून चालवता येतात. पण संगणकाचे सर आधीच तीन कामांत अडकलेले असताना ती खटपट कोण करणार? डिजिटल साहित्य विकत घेणाऱ्या किंवा बनवणाऱ्या शाळेने हा प्रश्न आधी विचारावा: पाच वर्षांनी हे उघडेल का?

फुफ्फुसातल्या पेशीचा गुन्हा-तपास

अमेरिकेतल्या एमआयटीच्या ‘एज्युकेशन आर्केड’ या गटाने माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी ‘सेलव्हर्स’ नावाचा गेम तयार केला. हा दोघांनी मिळून खेळायचा गेम आहे. एक जण व्हीआर चष्मा लावून फुफ्फुसातल्या पेशीच्या आत फिरतो. दुसऱ्याच्या हातात टॅबलेट असतो आणि त्यावर पेशीचं बाहेरून दिसणारं चित्र व आजाराची माहिती असते. आतल्याला जवळचं दिसतं पण एकूण अंदाज नसतो, तर बाहेरच्याला अंदाज असतो पण बारकावे दिसत नाहीत. त्यामुळे दोघांना एकमेकांशी बोलावंच लागतं. काम एकच: या पेशीला सिस्टिक फायब्रोसिस झाला आहे, तो कोणत्या प्रकारचा ते शोधा.

हा आजार का निवडला ते समजलं की गेमची गंमत कळते. सिस्टिक फायब्रोसिस अनुवांशिक आहे. यात फुफ्फुसात घट्ट, चिकट स्राव साठतो, वारंवार संसर्ग होतो आणि घाम नेहमीपेक्षा खारट असतो. मूळ बिघाड एका प्रथिनात असतो. सीएफटीआर हे त्याचं नाव. 1480 अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या प्रद्रव्यपटलावर जाऊन बसते आणि क्लोराइडला ये-जा करण्यासाठी दरवाजाचं काम करते. या प्रथिनाचं जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे आणि ते 1989 मध्ये सापडलं.

हा दरवाजा बिघडण्याचे मार्ग अनेक आहेत. केंद्रकातून आलेल्या संदेशात मधेच ‘थांबा’ अशी खूण पडली, तर रायबोसोमवर प्रथिन पूर्ण तयारच होत नाही. काही जणांत प्रथिन तयार होतं, पण नीट घडी न पडल्यामुळे आंतर्द्रव्यजालिकेतच अडवलं जातं आणि पेशी ते मोडीत काढते. सर्वाधिक आढळणारा बदल हाच: 508 व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल गायब असतं. 1480 पैकी एक! तिसऱ्या प्रकारात दरवाजा पटलापर्यंत पोचतो, पण उघडत नाही. चौथ्यात उघडतो, पण त्यातून क्लोराइड नीट जात नाही. पाचव्यात दरवाजे चांगले असतात, पण संख्येने अपुरे.

आता ‘आंतर्द्रव्यजालिकेचे कार्य लिहा’ हा दोन गुणांचा प्रश्न आठवा. तोच प्रश्न इथे ‘माल कुठे अडकला?’ असा होतो. उत्तर शोधण्यासाठी कुठलं अंगक कुठल्या अंगकाच्या आधी येतं हे कळावं लागतं. प्रद्रव्यपटल निवडक्षम पारपटल आहे, हे पाठ केलेलं वाक्यही इथे कामाला येतं, कारण पटलातून काय जातं आणि काय अडतं यावरच रुग्णाचा श्वास अवलंबून आहे.

हे गेमपुरतं नाही. औषधसुद्धा बिघाड कुठे आहे यावर ठरतं. दरवाजा पोचतो पण उघडत नाही, अशा रुग्णांसाठीच्या आयव्हाकाफ्टर या औषधाला अमेरिकेत 2012 मध्ये परवानगी मिळाली. घडी चुकणाऱ्यांना त्याचा एकट्याचा उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी घडी सुधारायला मदत करणारी औषधं लागली आणि तीन औषधांची एकत्र गोळी 2019 मध्ये आली. आठवीतलं मूल अंगकांचा क्रम शिकतं तेव्हा ते डॉक्टरांच्या उपयोगाचा नकाशा शिकत असतं, फक्त तसं त्याला कुणी सांगत नाही.

चष्मा लावला म्हणजे जास्त कळतं?

व्हीआर म्हटलं की शाळांच्या जाहिरातपत्रकांना उत्साह येतो. म्हणून दोन अभ्यास सांगणं भाग आहे. दोन्ही योगायोगाने पेशीशी संबंधित विषयावरचेच आहेत आणि दोन्ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेले आहेत.

कॅलिफोर्नियातल्या पॅरोंग आणि मेयर यांनी 2018 च्या अभ्यासात एका गटाला व्हीआर चष्म्यातून रक्तवाहिनीतून पेशीत शिरणारी सफर घडवली. दुसऱ्या गटाला तोच मजकूर साध्या स्लाइड्सवर दिला. सफर केलेल्यांना मजा जास्त आली. चाचणीत मात्र स्लाइड्सवाले पुढे राहिले. डेन्मार्कमध्ये माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये असंच काहीसं दाखवलं. पेशींमध्ये प्रथिन तयार करून घेण्याच्या प्रयोगशाळेचं सिम्युलेशन काहींनी साध्या संगणकावर केलं, काहींनी चष्मा लावून. चष्मावाल्यांना ‘आपण तिथेच आहोत’ असं जास्त वाटलं आणि ते शिकले कमी. इकडेतिकडे बघण्यातच मेंदूची ताकद खर्च होते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

पण पॅरोंग आणि मेयर यांच्याच अभ्यासाचा दुसरा भाग शिक्षकांनी वाचावा असा आहे. त्यांनी ती सफर तुकड्यांत तोडली आणि प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना ‘काय पाहिलं ते आपल्या शब्दांत लिहा’ असं सांगितलं. एवढ्यानेच शिकण्यात फरक पडला. चष्मा तोच होता, फक्त मधे कागद-पेन आलं.

आकडे काय म्हणतात?

डिजिटल गेमवरचे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले निष्कर्षही आहेत. क्लार्क आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये असा हिशेब मांडला. गेमने शिकलेले विद्यार्थी गेमशिवाय शिकलेल्यांच्या सरासरी 0.33 प्रमाण विचलन पुढे होते. सोप्या भाषेत, 100 जणांच्या वर्गात 50 व्या क्रमांकावरचं मूल साधारण 37 व्या क्रमांकावर येईल. फायदा आहे, चमत्कार नाही. गेमची रचना कशी आहे यावर निकाल बराच बदलतो, हेही त्यांनी नोंदवलं.

त्याआधी 2013 मध्ये वाउटर्स आणि सहकाऱ्यांच्या अशाच हिशेबात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. गेममुळे शिकणं थोडं सुधारतं, पण ‘गेममुळे मुलांना अभ्यासाची गोडी जास्त लागते’ हे ठामपणे सिद्ध झालं नाही. म्हणजे ज्या कारणासाठी आपण गेम आणतो, तेच कारण सर्वांत कच्चं निघालं. गेमला इतर शिकवण्याची जोड मिळाली, तो एकापेक्षा जास्त वेळा खेळला गेला आणि मुलं गटाने खेळली, तर परिणाम चांगला दिसला.

गेम जे चुकीचं शिकवून जातो

आता अवघड भाग. चांगला गेमसुद्धा काही चुकीच्या कल्पना डोक्यात बसवतो आणि त्या काढणं सोपं नसतं.

पहिली कल्पना रिकामेपणाची. पडद्यावर अंगकं मोकळ्या जागेत तरंगतात, कारण गर्दी दाखवली तर खेळणाऱ्याला काही दिसणार नाही. प्रत्यक्षात पेशीद्रव्य खच्चून भरलेलं असतं. अंदाज यावा म्हणून 20 मायक्रोमीटरची पेशी दहा लाख पट मोठी करा. ती 20 मीटर लांबीच्या मंगल कार्यालयाएवढी होईल. केंद्रक म्हणजे त्यातली पाच-सहा मीटरची खोली. तंतुकणिका अर्धा-एक मीटर जाडीची, म्हणजे धान्याच्या कोठीसारखी. रायबोसोम सुपारीएवढा, आणि अशा लाखो सुपाऱ्या. मध्यम आकाराचं प्रथिन ज्वारीच्या दाण्याएवढं आणि पाण्याचा रेणू बारीक रव्याच्या कणाएवढा. भिंतीची, म्हणजे प्रद्रव्यपटलाची जाडी फक्त सात-आठ मिलिमीटर. या हॉलमध्ये सगळं एकमेकांवर आदळत असतं. हे कुठल्याही मोबाइलच्या पडद्यावर मावत नाही. गर्दी कशी दिसत असेल हे बघायचं असेल, तर डेव्हिड गुडसेल या अमेरिकी शास्त्रज्ञाने काढलेली पेशीची जलरंगातली चित्रं मुलांना जरूर दाखवा.

दुसरी कल्पना मालकाची. गेममध्ये हुकूम देणारा कुणीतरी असतो, म्हणजे खेळणारा स्वतः. पेशीत असा कुणी सेनापती बसलेला नाही. केंद्रकसुद्धा नाही. रेणू आदळतात, काही जुळतात, बहुतेक जुळत नाहीत आणि त्यातूनच काम होतं. हे मोठ्यांनाही पचायला जड जातं.

तिसरी पैशांची. एटीपी हे चलन आहे असं आपण सगळेच शिकवतो आणि गेममध्ये ते नाण्यांसारखं साठतं. खरं तर पेशी एटीपीचा साठा करून ठेवत नाही. ते वापरलं जातं आणि लगेच पुन्हा बनतं. शरीरात एका वेळी असलेलं एटीपी फार थोडं, पण दिवसभरात बनणाऱ्या एकूण एटीपीचं वजन जवळजवळ आपल्या वजनाएवढं भरतं, असा अंदाज नेहमी दिला जातो. गुल्लक नव्हे, रोजंदारी म्हणा हवं तर.

उत्क्रांतीचं तर विचारूच नका. 2008 चा ‘स्पोअर’ हा गाजलेला गेम सूक्ष्मजीवापासून सुरू होतो. त्यात पॉइंट देऊन हवा तो अवयव विकत घेता येतो. ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याच वर्षी या गेमला विज्ञानाच्या कसोटीवर चक्क नापास केलं गेलं.

म्हणून गेम टाकून द्यायचा का? माझं मत उलट आहे. या चुकाच वर्गात सर्वांत उपयोगी पडतात. ‘गेममध्ये हे कसं दाखवलं आणि खरं कसं असतं?’ हा प्रश्न विचारला, की शेवटच्या बाकावरचंही मूल बोलतं, कारण गेमची चूक काढायला कुणाला आवडत नाही? फक्त हा प्रश्न विचारणारं कुणीतरी समोर हवं. मूल एकटं खोलीत खेळत असेल, तर चूक तशीच राहते.

एक फोन, चार मुलं

आपल्याकडे पहिला प्रश्न यंत्रांचा असतो. यावर भारतात मोठ्या प्रमाणावर काम झालेलं आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून ‘कनेक्टेड लर्निंग इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम चालवला. राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगणमधल्या सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान, गणित आणि इंग्रजीचं परस्परसंवादी साहित्य, त्यात गेमही, वापरलं गेलं. इंटरनेट नसलं तरी शाळेतल्याच सर्व्हरवरून ते चालेल अशी सोय होती आणि मुलं एका संगणकावर गटाने बसत. 2017 साठीचा युनेस्कोचा डिजिटल शिक्षणाचा पुरस्कार या उपक्रमाला मिळाला. एका संगणकावर अनेक मुलं बसणं म्हणजे नाइलाज, असंच आपण धरून चालतो. पण वाउटर्स यांच्या निष्कर्षांशी ते जुळतंच, शिवाय सेलव्हर्समध्येही दोघांनी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

घरी एकच फोन असेल तर तेच करा. एकाच्या हातात फोन, दुसऱ्याच्या हातात पुस्तक. खेळणाऱ्याने सांगायचं, पुस्तकवाल्याने ताडून बघायचं. खेळण्याआधी पेशीचं एक चित्र काढून ठेवायचं आणि खेळून झाल्यावर जुनं न बघता दुसरं. सेलव्हर्सच्या संशोधकांनीही मुलांकडून अशी आधीची आणि नंतरची चित्रं काढून घेतली होती. दोन चित्रं शेजारी ठेवली की काय कळलं, काय निसटलं आणि गेमने काय भलतंच शिकवलं, ते चाचणी न घेता दिसतं.

आणि वीजच नसेल तर चिठ्ठ्या आहेत. पाच मुलं उभी करा: केंद्रक, रायबोसोम, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, प्रद्रव्यपटल. एक कागद ‘प्रथिन’ म्हणून हातोहात पुढे जायचा आणि प्रत्येकाने त्यावर आपापलं काम करायचं. पाचांपैकी एकाला गुपचूप चिठ्ठी द्या: ‘तू चुकणार आहेस.’ उरलेल्या वर्गाने फक्त शेवटी आलेल्या, किंवा न आलेल्या, कागदावरून बिघाड कुठे झाला ते ओळखायचं. हाच सेलव्हर्सचा गाभा आहे, चष्मा वजा करून.

दोन-तीन फेऱ्यांनंतर एखादं मूल विचारेल, ‘केंद्रकच काढून टाकलं तर?’ त्याला सांगा की तुझ्या रक्तात अशा पेशी आत्ता फिरताहेत. तयार झालेल्या लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, रायबोसोमही नसतात. नवं प्रथिन तिला बनवता येत नाही, दुरुस्ती होत नाही, आणि साधारण 120 दिवसांत ती संपते. मग पुढची फेरी केंद्रकाशिवाय खेळून बघा.